बारा मिनिटं आणि एक काड्यापेटी

मासेमारी खात्याच्या आमच्या उपकेंद्रात खुर्च्या दोन. एकीवर सतेंद्र साहेब बसतात, दुसरीवर प्रिंटर. त्यामुळे राजधानीतून, सुवाच्या शास्त्रीय परिषदेचं पत्र आलं तेव्हा मी उभा होतो, आणि ते वाचून बसावंसं वाटलं तरी उभाच राहिलो. पत्रात लिहिलं होतं की 'वाइनुकूच्या खाजणातले काइकोसो शिंपले : अकरा वर्षांची मोजणी' या विषयावर श्री. वाइसेआ यांनी, म्हणजे मी, बारा मिनिटं बोलावं. सोबत एक सूचनापत्रक होतं. एका स्लाइडवर एकच मुद्दा ठेवावा. अक्षरं शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसतील एवढी असावीत. आणि तळाला, ठळक अक्षरात : स्लाइडवर जे लिहिलं आहे ते तोंडाने वाचून दाखवू नये.

मी पत्रक नीट घडी करून सुलूच्या, म्हणजे कमरेला गुंडाळतो त्या वस्त्राच्या, खिशात ठेवलं. ते तिथेच राहिलं. पुढचं सगळं रामायण त्यामुळे घडलं, हे मी आता कबूल करतो.

दुसरीही एक गोष्ट कबूल केलेली बरी. मोजणी माझी नव्हतीच. ती माझ्या सासूबाईंची. अकरा वर्षांपूर्वी गावाने खाजणाचा अर्धा भाग बंद केला; तिथे कुणी शिंपले काढायचे नाहीत, असं ठरलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा, मोठ्या ओहोटीला, सासूबाई गुडघाभर चिखलात उतरतात. एक टोपली बंद भागातून काढतात, एक उघड्या भागातून. प्रत्येक शिंपला काड्यापेटीवर ठेवून बघतात. पेटीपेक्षा मोठा भरला तर वहीत उजवीकडे एक रेघ, लहान भरला तर डावीकडे. बंद भागातले परत चिखलात. अकरा वर्षांत वह्या नऊ झाल्या, काड्यापेटी मात्र एकच. तिच्यावर इतक्या वेळा चिकटपट्टी गुंडाळली आहे की आतल्या काड्यांना कधीच बाहेरचं जग दिसणार नाही.

आमच्याकडे जावई आणि सासू एकमेकांशी बोलत नाहीत. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. शहरातली मंडळी हल्ली हे पाळत नाहीत. सुवात तर जावई सासूशी फोनवर गप्पा मारतात असं ऐकून आहे. पण वाइनुकूत पाळतात. नाव घेणं तर लांबच. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, नऊ वर्षं सासूबाई आमच्याच घरात आहेत, आणि आमच्यात एक शब्द झालेला नाही. सगळं टपाल माझ्या बायकोमार्फत, म्हणजे लिटिआनामार्फत जातं. सासूबाई माझ्यापासून दोन हातांवर चटई विणत बसलेल्या असतात आणि लिटिआनाला म्हणतात, "त्यांना सांग, पाय चटईवरून काढा." मी पाय काढतो आणि लिटिआनाला म्हणतो, "सांग, काढला." मानाने बोलायचं म्हणून त्या माझा उल्लेख नेहमी 'त्यांना' असा करतात. त्या 'त्यांना'मध्ये किती धार असू शकते हे ज्याचं त्याला माहीत.

पत्र आल्याचं लिटिआनाने आईला सांगितलं. सासूबाईंचे हात थांबले. हल्ली त्यांच्या डोळ्यांना कमी दिसतं, विणताना चटई नाकाशी धरतात. त्या म्हणाल्या, "त्यांना विचार, अकरा वर्षं मोजलं, त्यातून निघालं काय?"

मी उत्तर दिलं. चांगलं वीस मिनिटं दिलं. सरासरी सांगितली, हंगामी फरक सांगितला, चिखलातल्या वाळूचं प्रमाण सांगितलं. लिटिआना निरोप पोचवता पोचवता मध्येच थकली आणि चुलीकडे निघून गेली. सासूबाईंनी थोडा वेळ विणलं आणि मग भिंतीकडे बघत, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात लिटिआनाला हाक मारून म्हणाल्या, "त्यांना सांग, मला काही कळलं नाही. सुवाला मी येणार. तिथे कळलं तर मोजेन. नाही कळलं तर ही वही शेवटची."

हे नुसतं रुसणं नव्हतं. गावातले बरेच पुरुष वर्षानुवर्षं म्हणताहेत की बंद भाग उघडा, मयताला आणि लग्नाला शिंपले लागतात. सासूबाई दर महिन्याला वही घेऊन उतरतात म्हणून कुणाची मागायची हिंमत होत नाही एवढंच. त्यांनी मोजणं सोडलं की पंधरा दिवसांत खाजण मोकळं होणार. म्हणजे माझ्या बारा मिनिटांवर अकरा वर्षांचा चिखल टांगलेला होता.

मी कामाला लागलो, आणि मी कामाला लागलोय हे गावाला कळलं.

सतेंद्र साहेबांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं साधं होतं : प्रत्येक स्लाइडवर खात्याचं बोधचिन्ह हवं, आणि मदत करणाऱ्या पाच संस्थांचीही. शिवाय चार वर्षांपूर्वी झालेल्या एका सागर-सप्ताहाचं चिन्हही हवं, कारण ते साहेबांनी स्वतः काढलेलं होतं. चिन्हं लावून झाल्यावर स्लाइडवर पोस्टकार्डाएवढी जागा उरली. "पुष्कळ आहे की," साहेब म्हणाले. "शिंपला केवढा असतो?"

मग एपेली आला. एपेली माझा मामेभाऊ, म्हणजे आमच्या भाषेत तावाले. तावालेला थट्टेचा जन्मसिद्ध हक्क असतो, आणि एपेली आपले हक्क कधी सोडत नाही. तालुक्याला त्याचं फलक छापायचं दुकान आहे. रग्बीचे सामने, चर्चचे मेळावे आणि मयताच्या बातम्या, तिन्ही तो एकाच जांभळ्या रंगात छापतो. त्याने माझ्या पांढऱ्या स्लाइडकडे बघून मान हलवली. "तावाले, हे शास्त्र आहे की दवाखान्याची भिंत? आणि हा शिंपला असा निपचित का पडलाय? लोक म्हणतील, मेलेलाच आणला." तासाभरात सगळं जांभळं झालं, अक्षरं पिवळी झाली, आणि शिंपले एकेक करून शिट्टी वाजवत, गिरक्या घेत पडद्यावर यायला लागले. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मी तीन वेळा बघितलं.

पण मुख्य घाव घातला तोमासी काकांनी. ते आमच्या गावप्रमुखांच्या वतीने बोलणारे. चारचौघांत कुणाचं नाव कुणाच्या आधी घ्यायचं हे ठरवणं त्यांचं पिढीजात काम. त्यांनी विचारलं, आभार कुठे आहेत. मी शेवटची स्लाइड दाखवली. त्यावर लिहिलं होतं : 'वाइनुकूच्या ग्रामस्थांचे आभार.' काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्चमध्ये चप्पल घालून शिरलोय. आभार शेवटी? आणि ग्रामस्थ म्हणजे कोण? त्यांना नावं नाहीत का? एक नाव राहिलं तर तीन पिढ्या लक्षात ठेवतील, आणि चौथीला सांगून जातील. मग ते बसले आणि त्यांनी नावं सांगितली. आधी प्रमुख, मग प्रमुखांचे दिवंगत वडील, मग कुळांचे मुखिया, मग धर्मोपदेशक, मग शाळेचे मुख्याध्यापक, सगळे आपापल्या पदव्यांसकट. एकतीस नावं झाली. एकाच स्लाइडवर हवीत, कारण दोन केल्या तर दुसरीवरच्यांना राग येईल. अक्षरं लहान करत करत मी अशा आकाराला पोचलो की जो त्या संगणकाने आधी कधी ऐकला नसावा.

या एकतिसांत सासूबाईंचं नाव नव्हतं. काकांची चूक नाही. मुखियांच्या यादीत बायका येत नाहीत, आणि मी सुचवायचं म्हटलं तर नाव घेणार कसं? माझ्या स्वतःच्या बारा तक्त्यांची भर घालून एकूण स्लाइड सत्तेचाळीस झाल्या.

रंगीत तालीम समाजमंदिरात झाली. जनरेटर आणला, पडदा म्हणून चादर बांधली. वरच्या अंगाला प्रमुख आणि मानकरी बसले, बायका रिवाजाप्रमाणे दाराशी, आणि सासूबाई त्यांच्यातही सगळ्यात मागे. मी बारा मिनिटांचं भाषण एक तास दहा मिनिटांत संपवलं. शिंपल्यांच्या शिट्ट्यांना मुलांनी शिट्ट्यांनी साथ दिली. तोमासी काका म्हणाले की नावं दिसली असावीत. घरी परतताना सासूबाई माझ्यापुढे चार पावलांवर चालत होत्या. मागे न वळता त्यांनी लिटिआनाला सांगितलं, "त्यांना सांग, चादरीवर मुंग्या छान चालत होत्या."

मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे कसाव्याचे कंद आणि नारळाच्या रसातली मासळी खाल्ली, पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. शासकीय नोकरीत एकवीस वर्षं काढलेल्या माणसाच्या संशोधनाला मुंग्या म्हणणं हे मला लागलं. लिटिआनाला मी म्हटलं, "त्यांना सांग, शास्त्र म्हणजे चटई नव्हे." लिटिआना म्हणाली, "हे मी सांगणार नाही. तुला हवं तर चिठ्ठी लिही." चिठ्ठी लिहिण्याइतका मी शूर नव्हतो.

दोन दिवस मी संगणक उघडलाच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्याच्या मिटलेल्या झाकणावर तीन वस्तू ठेवलेल्या. दोन शिंपले, आणि त्यांच्या मधोमध ती काड्यापेटी.

मी लिटिआनाला विचारलं, हे काय आहे. तिने खांदे उडवले. "मला कुणी काही निरोप दिलेला नाही." सासूबाई कोपऱ्यात पाठ करून विणत होत्या. मी डावा शिंपला पेटीवर ठेवला. पेटी चांगली बोटभर उघडी राहिली. उजवा ठेवला, पेटी दिसेनाशी झाली. डाव्याला उघड्या खाजणातला पिवळा चिखल होता, उजव्याला बंद भागातला काळा.

तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला काहीतरी थेट सांगितलं होतं, मध्ये टपाल न ठेवता. माझा राग कुठे गेला ते मला समजलं नाही, आणि डोळ्यांत पाणी कशाला आलं तेही नाही.

मग खिशातलं सूचनापत्रक काढलं. मधल्या काळात ते एकदा सुलूबरोबर धुतलं गेलं होतं, पण वाचता येत होतं. सासूबाईंच्या चटईच्या एका कडेवर शिंपले आणि पेटी ठेवून फोटो घेतला. त्यांनी चटई थोडी माझ्या बाजूला सरकवली, एवढंच. चार स्लाइड केल्या. अक्षरं मोठी केली. केवढी मोठी, ते ठरवायला संगणक खिडकीत ठेवून अंगणापलीकडच्या फणसाखाली जाऊन वाचलं. शेवटी एक पाचवी स्लाइड केली आणि ती कुणालाच दाखवली नाही.

जुन्या सत्तेचाळीस स्लाइडचं काय करायचं हा प्रश्न होता. यांगोनाच्या मुळांची मानाची जुडी घेऊन मी तोमासी काकांकडे गेलो, टाळी वाजवून ती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं की नावं कागदावर छापून सगळ्यांना वाटू. काकांनी त्या मुळांच्या पेयाच्या चार वाट्या पिऊन होकार दिला, पण मी परिषदेला येऊन बघणार असंही सांगितलं. साहेबांना मात्र चिन्हंवाली जुनीच फाइल दाखवली, कारण त्यांच्याशी भांडून माझी बदली कुठल्या बेटावर होईल सांगता येत नाही. दोन्ही फाइली मी एकाच पेनड्राइव्हवर ठेवल्या. जुनीचं नाव 'अंतिम', नवीचं 'अंतिम खरं'. यात काही चुकू शकेल असं मला वाटलं नाही.

सुवाचं सभागृह इतकं गार केलेलं होतं की कोपऱ्यात मासे ठेवले असते तर टिकले असते. सासूबाई ठेवणीतला हिरवा झगा घालून, हातात पंखा घेऊन आल्या होत्या. थंडीत पंखा कशाला, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पुढच्या तीन रांगा मोकळ्या होत्या, स्वयंसेविका त्यांना हाताला धरून पुढे नेत होती, पण पुढे मानकरी बसतात, म्हणून त्या थेट दाराजवळच्या शेवटच्या रांगेत गेल्या. लिटिआना त्यांच्याजवळ बसली, एपेली मजा बघायला तिच्या पलीकडे. तोमासी काका तिसऱ्या रांगेत, आणि सतेंद्र साहेब भिंतीला टेकून.

अध्यक्षस्थानी ऑस्ट्रेलियाहून आलेल्या डॉक्टर फिलिपा होत्या. त्यांच्यासमोर एक घंटी होती. त्यांनी माझं नाव पुकारलं, मी पुढे गेलो, तंत्रज्ञाने कळ दाबली, आणि सगळी भिंत जांभळी झाली.

फाइल बंद करायला मला एक क्षण पुरला असता. पण घाईत माझ्याकडून पुढची कळ दाबली गेली आणि एकतीस नावांची स्लाइड आली. आता परक्या माणसाला हे समजायचं नाही. भिंतीवर प्रमुखांचं नाव पदवीसकट उभं आहे, त्यांच्या वडिलांचं आहे, आणि ते न उच्चारता पुसून टाकायचं? तिसऱ्या रांगेत तोमासी काका ताठ बसलेले असताना? हात चालेना. मी घसा साफ केला आणि पहिलं नाव वाचलं. एकदा पहिलं वाचलं की एकतिसावं वाचावंच लागतं. आमचा कुठलाही माणूस तेच करील. डॉक्टर फिलिपा आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग घड्याळाकडे बघायला लागल्या. सोळाव्या नावाला, म्हणजे एका मुखियांच्या तिसऱ्या पदवीपाशी, कुणीतरी बाहेर गेलं. एकतिसावं नाव संपलं तेव्हा आठ मिनिटं गेली होती, आणि पहिला शिंपला शिट्टी वाजवत भिंतीवर आला.

मागून एपेलीने एकट्याने टाळ्या वाजवल्या.

मी फाइल बंद केली. दोनशे लोकांसमोर माझा पेनड्राइव्ह भिंतीवर पसरला : 'अंतिम', 'अंतिम २', 'अंतिम साहेब', 'मेव्हण्याचं लग्न', 'अंतिम खरं'. घंटी वाजली. तीन मिनिटं उरली होती. माझे कान गरम झाले होते आणि इतकी वर्षं खात्यात मिळवलेली अब्रू त्या लग्नाच्या फोटोंशेजारी पडलेली मला दिसत होती. शेवटच्या रांगेत मी पाहिलं. सासूबाई पंखा मिटून, मान पुढे काढून बसल्या होत्या.

मी 'अंतिम खरं' उघडलं.

भिंतीवर दोन शिंपले आणि एक काड्यापेटी आली, माणसाएवढी मोठी. मी म्हणालो, "डावा जिथे सगळे खणतात तिथला. उजवा जिथे कुणी खणत नाही तिथला." पुढची स्लाइड : खाजण बंद केलं तेव्हा दहातले दोन शिंपले पेटीपेक्षा मोठे. त्याच्या पुढची : आज बंद भागात दहातले सात. आणि चौथी : उघड्या भागात तेव्हाही दोन, आजही दोन. "एवढंच," मी म्हणालो. दीड मिनिट झालं होतं. मला बोलायला आणखी काही उरलंच नव्हतं, हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

शेवटच्या रांगेतून हळूच "ओइलेई" असं ऐकू आलं. मोठा शिंपला हाताला लागला की त्या चिखलात असंच म्हणतात.

मग तेच झालं ज्याची मला भीती होती. चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर प्राध्यापक उठले. ते म्हणाले, अकरा वर्षं एकाच हाताने, एकाच मापाने केलेली मोजणी त्यांनी फार कमी पाहिली आहे. मोजणारं कोण? त्या व्यक्तीचं नाव कळेल का?

दोनशे माना माझ्याकडे वळल्या. साहेब भिंतीजवळून खुणा करत होते की खातं म्हण, खातं. एपेली हसायचा थांबला होता. त्याला रिवाज माहीत आहे. लिटिआनाने तोंडावर हात ठेवला. तेवीस वर्षांत जे नाव जिभेवर आलं नाही ते आता कुठून येणार? पण सासूशी बोलायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, असं वाडवडील सांगून गेले आहेत. लिहायचं नाही असं सांगितल्याचं गावात कुणालाच आठवत नाही.

मी कळ दाबली. पांढरी भिंत, काळी अक्षरं, बोधचिन्ह एकही नाही.

सेरुवाइया नाइसोरो
अकरा वर्षं. एकच काड्यापेटी.

डॉक्टर फिलिपा मी काही बोलेन म्हणून थांबल्या. मी चपलांकडे बघत उभा राहिलो. स्लाइडवर जे लिहिलं आहे ते तोंडाने वाचून दाखवू नये, असं त्यांच्याच पत्रकात होतं. परिषदेचा नियम आणि वाइनुकूचा रिवाज मी एकाच वेळी पाळत होतो.

मग मागून एक आवाज आला. चर्चमध्ये वाचतात तसा, अक्षर अक्षर जोडत, थांबत थांबत. "से... रु... वाइया." थोडा वेळ गेला. "नाइसोरो." कुणी पढवत नव्हतं. शेवटच्या रांगेतून, त्या डोळ्यांनी, त्या स्वतः वाचत होत्या.

तिसऱ्या रांगेत तोमासी काका उठले. त्यांनी हातांची ओंजळ करून टाळी वाजवली, ती खोल, सावकाश टाळी, जी आमच्याकडे फक्त प्रमुखांसाठी वाजवतात. मग बाकीच्यांनी साधी वाजवली. घंटीही वाजली असावी, कुणी ऐकली नाही.

बाहेर व्हरांड्यात चहा होता. साहेबांनी मला पाचव्या स्लाइडवर चिन्हं का नाहीत ते लेखी कळवायला सांगितलं. एपेली म्हणाला, "तावाले, शेवटची बरी होती. थोडी जांभळी हवी होती," आणि नाक शिंकरत दुसरीकडे गेला. सासूबाई खांबाजवळ, माझ्याकडे अर्धी पाठ करून उभ्या होत्या. चहात बिस्किट बुडवून त्यांनी ते सावकाश खाल्लं, आणि मग लिटिआनाला म्हणाल्या, "त्यांना सांग, अक्षरं दिसली."

लिटिआना सांगायला वळली.

"आणि सांग," सासूबाई म्हणाल्या, "ही काड्यापेटी आता दबली. येत्या ओहोटीला नवी लागेल. पण माप हेच हवं, तसूभरही फरक नको."

त्यांनी ती झग्याच्या खिशातून काढली आणि लिटिआनाच्या हातात दिली, लिटिआनाने माझ्या हातात.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "आणतो."